आजींचा नकार, मावशींचा नकार

हा संवाद कल्पित आहे. त्यात आलेल्या तारखा, आदेश आणि निकाल मात्र खरे. जालना जिल्ह्यातल्या घनसावंगीत पंधरा-वीस वृद्धांसाठी एक घर सुरू होतंय, असं धरून चालू. त्याची नियमावली लिहायला दोघं बसलेत. एक निवृत्त मुख्याध्यापक, ज्यांना गाव नुसतं गुरुजी म्हणतं, आणि सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या सिस्टर. गुरुजींनी एक कलम आधीच लिहून आणलंय: ‘संस्थेतील सर्व रहिवासी व कर्मचारी यांना फ्लूची लस दरवर्षी सक्तीची राहील.’

सिस्टर : ‘सक्तीची’ तेवढं काढा, गुरुजी.

गुरुजी : हे तुम्ही म्हणताय? जन्मभर लोकांचे दंड धरून टोचत आलात तुम्ही.

सिस्टर : म्हणूनच म्हणते. 2021 आठवा. 2 जानेवारीला कोविडच्या लशीची रंगीत तालीम झाली, राज्यातल्या चारच जिल्ह्यांत, त्यात आपलं जालना. तेव्हाचे आरोग्यमंत्री राजेश टोपे आपल्याच मतदारसंघाचे. 1 मार्चला साठीच्या पुढच्यांना लस सुरू झाली. बातमी पोचायची राहिली होती असं नाही. तरी आम्ही वस्तीवर गेलो की म्हातारी माणसं आतून कडी घालायची.

गुरुजी : अडाणीपणा, दुसरं काय.

सिस्टर : मीही आधी तसंच म्हणायचे. मग कडी काढेपर्यंत ओट्यावर बसून राहायची सवय लावून घेतली. एक आजी म्हणाली, “काहून घेऊ बाई? माझं काय राहिलंय आता? पोरांना द्या.” याला अडाणीपणा म्हणाल? तिनं हिशेब केला होता, आणि त्या हिशेबात स्वतःला शून्य धरलं होतं. दुसरी म्हणाली, ताप आला तर पाणी कोण देईल? पोरगा-सून कारखान्यावर. तिला सुईचं भय नव्हतंच, दुसऱ्या दिवशीच्या एकटेपणाचं होतं. आणि एक आबा नुसते म्हणाले, सरकार घरी येऊन काही फुकट देतंय म्हणजे काहीतरी काढून नेणार. ते कुठून आलं, सांगा.

गुरुजी : शहात्तर सालातून.

सिस्टर : तेच. तीन मुलांनंतर नसबंदी सक्तीची करणारं विधेयक 1976 मध्ये आपल्या विधिमंडळानं मंजूर केलं होतं. मुख्यमंत्री शंकरराव चव्हाण, मराठवाड्याचेच. राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली नाही म्हणून कायदा झाला नाही, पण त्या वर्षाची भीती लोकांच्या अंगात राहिली. आज जे पंचाहत्तर-ऐंशीचे आहेत, ते तेव्हा पंचविशी-तिशीत होते. त्यांच्यापुढे ‘सक्ती’ म्हणून कागद धरायचा?

(ऊसतोडीच्या टोळ्या कोयते घेऊन दिवाळीच्या आगेमागे निघाल्या की मराठवाड्यातली कितीतरी खेडी आपोआप वृद्धाश्रम होतात. त्यांना फक्त ट्रस्टी नसतात आणि नियमावली नसते. “पाणी कोण देईल” हा प्रश्न अशा गावात विचारला गेला होता, हे लक्षात ठेवलेलं बरं.)

गुरुजी : बरं. मग माझं ऐका. त्याच आबांचा सदरा खांद्यावरून खाली करा. दंडावर देवीच्या लशीचा वण दिसेल. ती टोचताना कुणी त्यांची संमती घेतली होती? टोचणारे आले की पोरं कडब्याच्या गंजीत लपायची, धरून आणायचे. त्या धरून आणण्यातनंच 1975 मध्ये देवीचा शेवटचा रोगी सापडला आणि 1977 मध्ये देश देवीमुक्त जाहीर झाला. सक्तीनं वाचलेली माणसं आज सक्तीला नावं ठेवतात.

सिस्टर : हे तुमचं बळकट आहे. पण देवीची लस घेतली की वर्षानुवर्षं पुरायची आणि रोगाला वाटच राहायची नाही. रोग गेला, सक्तीही गेली. फ्लूचा विषाणू रूप पालटत राहतो, लस दरवर्षी नवी. जो रोग कधी संपणार नाही, त्याच्यासाठी आबांना दरवर्षी धरून आणणार? देवीच्या वेळची सक्ती एक दिवस संपणार होती, ही संपणारी नाही.

गुरुजी : आबांचं सोडतो. त्यांचा देह, त्यांचा निर्णय. पण मावशींचं काय? भरवणारी, अंघोळ घालणारी, रात्री कूस बदलणारी बाई. तिनं लस घेतली नाही आणि खोकत खोकत पेज भरवली, तर तिच्या नकाराची किंमत आबा देणार. स्वातंत्र्य आपल्या अंगापुरतं असतं.

इथं सिस्टर बराच वेळ काही बोलत नाहीत. गुरुजींनी नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलंय. शिवाय वैद्यकातली एक गोष्ट त्यांच्या बाजूची आहे: उतारवयात शरीराची प्रतिकारशक्ती मंदावते, त्यामुळे लस ज्यांना सर्वांत जास्त हवी त्यांच्यातच ती सर्वांत कमी जोमानं काम करते. म्हणजे आबांनी लस घेतली तरी त्यांचं रक्षण बऱ्याच अंशी भोवतालच्या तरुण माणसांवर अवलंबून राहतं.

सिस्टर : खरंय. दोन नकार एका तराजूत घालता येत नाहीत. आबा नको म्हणाले तर मी चार वेळा विचारीन आणि गप्प बसेन. मावशी नको म्हणाल्या तर मला गप्प बसता येणार नाही. पण सक्ती करायची तर लस रोगाचा प्रसार किती रोखते याचा पुरावा तेवढाच पक्का हवा. स्कॉटलंड-इंग्लंडमध्ये वृद्धांच्या संस्थांतल्या कर्मचाऱ्यांना फ्लूची लस देऊन अभ्यास झाले. काहींत रहिवाशांचे मृत्यू कमी दिसले. नंतर वैद्यकीय पुरावे पडताळणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या तज्ज्ञांनी ते सगळे अभ्यास पुन्हा तपासले आणि पुरावा कच्चा ठरवला. लस घ्यावी, मी स्वतः दरवर्षी घेते. पण एवढ्या पुराव्यावर कुणाची भाकर काढून घ्यायची का?

गुरुजी : भाकर काढायचं कोण म्हणतंय?

सिस्टर : तुमचं कलम म्हणतंय. सक्ती मोडली तर पुढं काय, ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण मावशींना ते न लिहिता वाचता येतं. इंग्लंडनं 11 नोव्हेंबर 2021 पासून वृद्धांच्या संस्थांतल्या कामगारांना कोविडची लस सक्तीची केली. बरेच जण काम सोडून गेले, आणि 15 मार्च 2022 ला सरकारनं स्वतःच नियम मागे घेतला. त्याच नोव्हेंबरात आपल्या शेजारी, औरंगाबादेत, लशीचा एकही डोस नसेल तर रेशन आणि पेट्रोल नाही असा जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश निघाला होता.

गुरुजी : रांगा लागल्या होत्या केंद्रांवर. उपयोग झाला त्याचा.

सिस्टर : दंड पुढं आले, गुरुजी. विश्वास आला का? पुढचा डोस ऐच्छिक झाल्यावर किती जण आले ते मी पाहिलंय.

सर्वोच्च न्यायालयासमोर कोविड लशीच्या सक्तीचा वाद आला तेव्हा न्यायमूर्ती नागेश्वर राव आणि भूषण गवई यांच्या पीठानं 2 मे 2022 रोजी दिलेला निकाल गुरुजी आणि सिस्टर दोघांनाही अर्धा-अर्धा हवा आहे. कोणालाही लस घ्यायला भाग पाडता येणार नाही, शारीरिक स्वायत्तता अनुच्छेद 21 मध्ये येते, हे न्यायालयानं स्पष्ट म्हटलं. पण सार्वजनिक हितासाठी मर्यादित निर्बंध घालता येतात, हेही म्हटलं. अट अशी की निर्बंध प्रमाणात हवेत. लस न घेतलेल्यांकडून घेतलेल्यांपेक्षा जास्त प्रसार होतो असं दाखवणारी माहिती तेव्हा न्यायालयापुढे आली नाही, म्हणून तेव्हाचे निर्बंध प्रमाणात बसले नाहीत. उद्या एखादी लस प्रसार खरोखर रोखणारी निघाली, तर गुरुजींची बाजू जड होईल. मला हा निकाल याच कारणासाठी शहाणा वाटतो.

गुरुजी : दुष्परिणामांचं लोक विचारतात. कोविशिल्डनं गुठळ्या होतात, म्हणतात. मी सांगतो, अफवा आहे.

सिस्टर : अफवा म्हणू नका. क्वचित होतात. मे 2021 मध्ये केंद्राच्या समितीनं 26 संभाव्य प्रकरणं सांगितली होती, दहा लाख डोसांमागे 0.61. हा आकडा आम्ही वस्तीवर सांगायला हवा होता. आम्ही ‘काही होत नाही’ म्हणालो. मग व्हॉट्सॲपवर कुणीतरी ‘होतं’ म्हणालं आणि आमच्यापेक्षा खरं ठरलं.

गुरुजी : ठीक. मग संमतीचा अर्ज ठेवू. मुलाची सही घेऊ.

सिस्टर : मुलाची काहून? सुई आबांच्या दंडात जाणार.

गुरुजी : फी मुलगा भरतो.

सिस्टर : फी भरली म्हणून दंड विकत घेतला? 1944 मध्ये पुण्याला आगाखान पॅलेसमध्ये कस्तुरबा शेवटच्या आजारात होत्या. देवदासनं पेनिसिलिन मागवलं, गांधीजींनी मुलाला समजावलं की आता सुया नकोत. बरोबर कोण होतं त्यात मी पडत नाही. बोलणं झालं ते बाप-लेकात. आपल्याकडं रोज असंच होतं. पुण्याचा मुलगा फोनवर ‘देऊन टाका’ म्हणतो किंवा ‘कशाला ती झंझट’ म्हणतो, आणि आबा शेजारी बसलेले असतात, त्यांना फोनच देत नाही कुणी.

गुरुजी : आणि ज्या आजींना आज कोणता वार तेही आठवत नाही?

सिस्टर : तिथं मुलाला विचारावंच लागेल. पण तुला काय वाटतं, असं नाही विचारायचं. शुद्धीत असती तर आई काय म्हणाली असती, असं विचारायचं. आणि टोचताना तिनं हात ओढून घेतला तर त्या दिवशी थांबायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा बघायचं.

गुरुजी : मावशींचं अजून सुटलं नाही.

सिस्टर : तुम्ही त्यांना विचारलंत, नको का म्हणतात?

गुरुजी : नाही.

सिस्टर : मी विचारलं. ताप आला तर दोन दिवस खाडा, खाड्याचे पैसे कापले जातात. फ्लूची लस खासगीत विकत घ्यायची. दुसऱ्याच्या आबांसाठी तिनं स्वतःची मजुरी बुडवायची आणि वर लशीचे पैसेही द्यायचे? तिचा नकार लशीला नाहीये, गुरुजी, व्यवहाराला आहे.

गुरुजी : पैसे संस्था देईल, सुटी भरपगारी. आणि एवढं करूनही ती नको म्हणाली तर?

सिस्टर : साथ असेल तेवढे दिवस स्वयंपाकघर, अंगण, कपडे. पगार तोच. भरवणं आणि अंघोळ दुसरीकडं. खोकला असला तर लस घेतलेलीनंही खोलीत जायचं नाही.

गुरुजी : आणि दोघीच मावशी असतील, दुसरी रजेवर असेल, तर?

सिस्टर : तर मास्क लावून तीच जाईल. उपाशी ठेवण्यापेक्षा ते बरं.

गुरुजींना हे पटलेलं नाही. नियमाला अपवाद ठेवला की नियम राहत नाही, असं त्यांचं मुख्याध्यापकी मत आहे, आणि दोन माणसांवर चालणाऱ्या घरात त्यांची धास्ती खोटी नाही. तरी माझा कौल सिस्टरांना आहे. जो कर्मचाऱ्याच्या लशीचा खर्च आणि तापाचे दोन दिवस आपल्या अंगावर घेत नाही, त्या संस्थाचालकाला सक्तीची भाषा बोलायचा अधिकार नाही. बहुतेक ठिकाणी तो खर्च उचलल्यावर सक्तीची गरजही उरणार नाही.

तुमचं कुणी अशा घरात राहत असेल, तर पावसाळ्याआधी एक फोन करा. व्यवस्थापकाशी बोलून ठेवू नका, फोन त्यांच्याच हातात द्यायला सांगा. लशीत काय असतं, ताप किती दिवस राहील, ते सांगा, आणि घ्यायची का ते त्यांना विचारा. मग तिथल्या मावशींना लस कोण देतं आणि खाड्याचे पैसे कापतात का, हेही विचारून घ्या.