दुभाषी संपादक

न्यायालयातल्या दुभाष्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. आरोपी एका भाषेत बोलतो, न्यायाधीशाला दुसरीच कळते आणि मधल्या माणसाकडून एखादे क्रियापद इकडचे तिकडे झाले, तर निरपराध माणूस तुरुंगात जातो. सॉल प्लाकी १८९८ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या माफेकिंगच्या न्यायालयात दुभाषी म्हणून रुजू झाले, तेव्हा ते जेमतेम बावीस वर्षांचे होते. मिशनच्या शाळेत थोडेफार शिक्षण, मग किंबर्लीच्या टपाल खात्यात नोकरी आणि आसपासच्या अनेक भाषांवर पकड, एवढी त्यांची पुंजी. पुढे त्यांनी दुभाष्याच्या कामावर एक स्वतंत्र लेखच लिहिला. चुकीच्या भाषांतराने न्यायाचा कसा घात होतो, हे त्यांनी त्यात उदाहरणे देऊन दाखवले. त्यांच्या पत्रकारितेचे मूळ मला या नोकरीतच दिसते. समोरचा जे बोलला तेच आणि तेवढेच पलीकडे पोचवायचे, ही शिस्त त्यांनी शेवटपर्यंत सोडली नाही.

ऑक्टोबर १८९९ मध्ये बोअर फौजांनी माफेकिंगला वेढा घातला. तो २१७ दिवस चालला. ब्रिटिशांचा सेनानी बेडन-पॉवेल या वेढ्यामुळे इंग्लंडमध्ये घराघरांत पोचला. प्लाकी त्या काळात वार्ताहरांसाठी टंकलेखन करत आणि स्वतःची रोजनिशी लिहीत. गावातल्या काळ्या माणसांचे धान्य कसे तोडले गेले, लोक भुकेने कसे मेले, हे त्या रोजनिशीत आहे. वेढा उठल्यावर लंडनमध्ये झालेल्या जल्लोषात यातले काही नव्हते. रोजनिशी छापली गेली ती १९७३ मध्ये, लेखक जाऊन चार दशके उलटल्यावर.

१९०१ मध्ये माफेकिंगला ‘कोरांता या बेत्स्वाना’ हे साप्ताहिक सुरू झाले. बारोलाँग समाजातले प्रतिष्ठित गृहस्थ सायलस मोलेमा यांनी त्यात पैसा घातला आणि प्लाकी संपादक झाले. एकाच अंकात सेत्स्वाना आणि इंग्रजी मजकूर असे. इंग्रजीतून सरकारला लोकांचे म्हणणे सांगायचे आणि सेत्स्वानातून लोकांना सरकारचे कायदे समजावायचे, म्हणजे पुन्हा दुभाष्याचेच काम. वाचता येणारे थोडे, जाहिरातदार त्याहून थोडे. काही वर्षांत पेपर कर्जात बुडाला आणि बंद पडला. प्लाकींनी मग किंबर्लीला जाऊन ‘त्साला या बेत्स्वाना’ काढले. त्याचेच पुढे ‘त्साला या बाथो’ झाले. पेपर बुडाला म्हणून त्यांची हिंमत खचली नाही.

पेपरला पैसा कोण देतो, हा प्रश्न मात्र इथे टाळता येत नाही. प्लाकींच्या आधीच्या पिढीत जॉन टेंगो जबावू यांनी १८८४ मध्ये ‘इम्वो झाबान्त्सुन्दू’ हे खोसा भाषेतले वृत्तपत्र काढले होते. ते मोठे संपादक होते, यात शंका नाही. बोअर युद्धाला विरोध केला म्हणून १९०१ मध्ये लष्करी अधिकाऱ्यांनी त्यांचा पेपर बंद पाडला होता. पण ‘इम्वो’ उभे राहिले ते केप वसाहतीतल्या उदारमतवादी गोऱ्या मित्रांच्या पैशावर आणि त्या वर्तुळातल्या राजकारण्यांशी जबावूंचे संबंध आयुष्यभर घट्ट राहिले. १९१३ मध्ये त्यांचेच जुने स्नेही सॉअर यांनी मंत्री म्हणून नेटिव्ह लँड अ‍ॅक्ट मांडला, तेव्हा जबावूंनी कायद्याची बाजू घेतली. प्लाकींनी त्यांना जाहीर वादाचे आव्हान दिले. जबावूंनी ते स्वीकारले नाही. जबावूंना विकला गेलेला माणूस म्हणणे मला अन्यायाचे वाटते. उपकारकर्त्याच्या नजरेने जग बघण्याची सवय लागली की स्वतःची नजर कधी मंदावली ते कळतही नाही, आणि चांगल्या संपादकाचा घात बहुधा असाच होतो.

त्या कायद्याने देशातली सुमारे सात टक्के जमीन काळ्या लोकांसाठी राखली. लोकसंख्येत ते दोन तृतीयांश होते. उरलेली जमीन त्यांनी ना विकत घ्यायची, ना खंडाने करायची. ज्या गोऱ्या शेतमालकांकडे काळी कुटुंबे निम्म्या वाट्याने शेती करत, त्यांनी ती व्यवस्था चालू ठेवली तर शंभर पौंड दंड किंवा सहा महिने कैद. आपल्याकडे १९१३ म्हटले की नाताळमधला गांधीजींचा मोर्चा आठवतो. त्याच देशात त्याच वर्षी हे घडत होते, हे आपल्याला फारसे ठाऊक नसते.

प्लाकी किंबर्लीच्या कचेरीत बसून अग्रलेख लिहू शकले असते. ते सायकल घेऊन निघाले. जुलै महिना, म्हणजे तिथला कडक हिवाळा. रस्त्यारस्त्यावर बिऱ्हाडे होती: गाडीवर सामान, मागे शेळ्यामेंढ्या, थांबायला जागा कुठेच नाही, कारण कोणाच्याही शेतात उतरले तर गुन्हा. एका कुटुंबाचे आजारी तान्हे मूल या वाटेवर दगावले. आईबापांपुढे प्रश्न होता तो पुरायचे कुठे. रस्त्याकडेची जमीन कोणाची तरी होती आणि परवानगी मिळण्याची आशा नव्हती. रात्रीच्या अंधारात, मालक येण्याच्या धास्तीत त्यांनी घाईघाईने खड्डा खणला आणि मूल पुरले. चोरी करावी तसे. प्लाकींनी ही घटना लिहिताना फाशीच्या कैद्यालाही पुरायला जागा मिळते, याची आठवण करून दिली. १९१६ मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘नेटिव्ह लाइफ इन साउथ आफ्रिका’ या त्यांच्या पुस्तकात हा प्रसंग आहे. कायद्याचे कलम आणि त्या कलमाखाली चिरडलेला माणूस त्यांनी एकाच पुस्तकात शेजारी शेजारी उभे केले. असे वार्तांकन आजही दुर्मीळ आहे.

१९१२ मध्ये ब्लूमफाँटेनला स्थापन झालेल्या आणि पुढे आफ्रिकन नॅशनल काँग्रेस म्हणून ओळखल्या गेलेल्या संघटनेचे ते पहिले सरचिटणीस होते. १९१४ मध्ये तिच्या शिष्टमंडळाबरोबर ते लंडनला गेले. वसाहतमंत्र्यांनी कायद्यात हात घालायला नकार दिला. १९१९ मध्ये दुसऱ्या शिष्टमंडळाने पंतप्रधान लॉइड जॉर्ज यांची भेट घेतली. पंतप्रधानांनी सगळे नीट ऐकले, त्यांना ते पटलेही. त्यांनी दक्षिण आफ्रिकेचे पंतप्रधान स्मट्स यांना पत्र लिहिले. कायदा होता तसाच राहिला.

प्लाकींच्या आयुष्यातला हा सगळ्यात कठीण धडा मला वाटतो. सत्य नीट भाषांतर करून सत्ताधाऱ्यांपर्यंत पोचवले की न्याय मिळेल, ही दुभाष्याची श्रद्धा होती. पोचवण्यात त्यांनी कसूर केली नाही आणि समोरच्यालाही सगळे समजले. कमी पडत होती ती ऐकणाऱ्याची इच्छा, आणि ती कोणत्याही भाषांतराने निर्माण होत नाही. तरीही ते लिखाण वाया गेले असे मी म्हणणार नाही. अन्याय करणारे सगळे मोडून टाकू शकतात, पण असे काही घडलेच नाही असे त्यांना म्हणता येऊ नये, एवढी सोय पत्रकाराने करायची असते. ती प्लाकींनी केली.

नंतर त्यांनी आपल्या लोकांच्या भाषेसाठी खूप काही केले. सेत्स्वानातल्या सातशेहून अधिक म्हणी त्यांनी १९१६ मध्येच छापल्या होत्या. १९३० मध्ये शेक्सपिअरच्या ‘कॉमेडी ऑफ एरर्स’चा त्यांचा सेत्स्वाना अनुवाद आला आणि त्याच वर्षी ‘म्हुदी’ ही इंग्रजी कादंबरी. मात्र पैशाची चणचण शेवटपर्यंत सुटली नाही.

१९ जून १९३२ रोजी जोहान्सबर्गजवळ न्यूमोनियाने त्यांचे निधन झाले. ते पंचावन्न वर्षांचे होते. दक्षिण आफ्रिकेच्या १९९६ च्या संविधानाच्या २५व्या कलमानुसार, १९ जून १९१३ नंतर, म्हणजे नेटिव्ह लँड अ‍ॅक्ट लागू झाला त्या तारखेनंतर, वंशभेदी कायद्यांमुळे ज्यांची जमीन गेली त्यांना ती परत मिळण्याचा किंवा न्याय्य भरपाई मिळण्याचा हक्क आहे. त्या तारखेच्या आधी ज्यांची गेली, त्यांना तो नाही.