गरज कोणाची आणि मोजणार कोण?



दहावी-बारावीचे निकाल लागले की रविवारच्या मिस्सेनंतर चर्चच्या आवारात आम्हाला दोन प्रश्न हमखास विचारले जातात. 'फादर, पोराला कुठल्या कॉलेजात घालू?' आणि 'फादर, लॅपटॉप कोणता घेऊ?' पहिल्याचं उत्तर आम्ही विचार करून देतो. दुसऱ्याचं उत्तर आजवर उभ्याउभ्या देत आलो. तो दुकानदाराचा विषय, धर्मगुरूचा नव्हे, असं वाटे. पण तो नीतीचाही प्रश्न आहे हे आम्हाला आमच्याच चुकीतून उमगलं. जिच्या बाबतीत ती चूक घडली, तिची परवानगी घेऊन हे लिहीत आहोत.

दोन वर्षांपूर्वी आपल्यातल्या एक ताई मुलीला घेऊन आल्या. मुलीला सिव्हिलच्या डिप्लोमाला प्रवेश मिळाला होता. आई टोमॅटोच्या तोडणीला मजुरीने जाते. आम्ही विचारलं, "ताई, पैसे किती आहेत?" मुलीला मात्र काहीच विचारलं नाही. आकडा ऐकून म्हणालो, "अभ्यासापुरता तर हवा आहे. सगळ्यात स्वस्त असेल तो घ्या, उगाच कर्जात पडू नका." सल्ला काटकसरीचा होता, म्हणजे तो बरोबरच असणार, असं आम्ही धरून चाललो.

लॅपटॉप आला तो ४ जीबी मेमरीचा. पत्र लिहायला ठीक होता. पण इमारतींचे नकाशे काढायचा जो प्रोग्रॅम तिच्या अभ्यासाला होता, तो उघडला की यंत्र जागच्या जागी अडकून पडे. मेमरी वाढवावी म्हटलं, तर ती बोर्डावरच पक्की बसवलेली, न वाढणारी. मग ती मुलगी दोन सत्रं कॉलेजच्या लॅबमध्ये थांबून नकाशे पुरे करायची आणि शेवटच्या एसटीने घरी यायची. आपल्याकडे दिवेलागणीनंतर बिबट्याच्या धास्तीने उसाच्या कडेने जायला मोठी माणसं धजत नाहीत. ती त्याच वाटेने येत होती. मायलेकी आम्हाला एका शब्दाने बोलल्या नाहीत.

त्याच सुमारास चर्चच्या कचेरीसाठी आम्ही लॅपटॉप घेतला होता, १६ जीबीचा. त्यावर काम काय? बाप्तिस्म्याचे दाखले, चार पत्रं आणि हे रविवारचं पत्रक. आमच्यासाठी 'चांगलाच असू दे' आणि तिच्यासाठी 'चालून जाईल'. हे अंतर ध्यानात आलं तेव्हा फार टोचलं.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना ॲरिस्टॉटलचं एक उदाहरण आम्ही पाठ केलं होतं. सद्गुण दोन टोकांच्या मध्ये असतो, पण तो मध्य पट्टीने मोजून काढता येत नाही. दहा मापं अन्न जास्त आणि दोन मापं कमी, म्हणून तालमीचा उस्ताद प्रत्येकाच्या पुढे सहा मापं वाढत नाही. मायलोसारख्या नामांकित मल्लाला सहा मापं अपुरी पडतील आणि काल आखाड्यात आलेल्या पोराला तीच जड होतील. हे उदाहरण लिहून आम्ही परीक्षेत गुण मिळवले, पण गरज पडली तेव्हा ते आठवलं नाही. त्या मुलीचं काम मल्लाचं होतं आणि आम्ही तिचं ताट तिच्या आईच्या मजुरीकडे बघून वाढलं.

हे समजायला ग्रीसपर्यंत जायला नको. खोडदच्या तबकड्या आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली १९९० च्या दशकात उभ्या राहिलेल्या ह्या रेडिओ दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. जवळून पाहिलं तर त्या पत्र्याच्या नाहीत, तारेच्या जाळीच्या आहेत. आकाशातून येणाऱ्या ज्या लहरी तिथे टिपायच्या, त्या वितीपासून दोन मीटरपर्यंत लांबीच्या. इतक्या लांब लहरीला जाळीची बारीक भोकं जाणवतच नाहीत. म्हणून जाळी पुरली, वजन घटलं, खर्च वाचला आणि वाराही आरपार जातो. मात्र तबकडीचा व्यास कमी केला नाही, कारण तिथे काटकसर केली असती तर क्षीण लहरी हातीच लागल्या नसत्या. कुठे वाचवायचं आणि कुठे नाही, हे कामाने ठरवलं.

कर्जत तालुक्यातल्या एका धनगरवाड्याच्या छोट्या शाळेत २००७ साली मुलांना हिरवे-पांढरे लॅपटॉप मिळाले. 'प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप' ह्या जागतिक उपक्रमातले ते होते. शहरातल्या कचेरीत ते दुबळे ठरले असते. पण त्यांचा पडदा उन्हातही वाचता येई आणि कळफलकात धूळ जात नसे. त्या उपक्रमावर टीकाही पुष्कळ झाली. तरी एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. किंमत कमी ठेवणं वेगळं आणि माणसाला कमी लेखणं वेगळं. आम्ही ह्या दोहोंत गल्लत केली होती.

दुसरं टोकही आपल्याच घरांत आहे. टोमॅटोला एका हंगामात बरा भाव मिळतो आणि पोरगा लाल दिव्यांच्या कळफलकाचा, खेळांसाठी बनवलेला लॅपटॉप मागतो. तो जड असतो, चार्जरही जड आणि बॅटरी लवकर उतरते. बी.कॉम.च्या मुलाला त्यातल्या ग्राफिक्स कार्डाचा काडीचा उपयोग नाही. पण तोच लॅपटॉप ॲनिमेशन शिकणाऱ्या मुलीला लागणारं हत्यार आहे. वस्तू एकच, एका घरात हौस आणि दुसऱ्या घरात गरज. म्हणून 'शेजारच्याने कोणता घेतला' ह्या चौकशीत उत्तर सापडत नाही.

मग विचारायचं काय? आधी, कोणते प्रोग्रॅम चालवायचे आहेत? ही यादी कॉलेजातून आणावी, दुकानातून नव्हे. लिखाण, हिशेब, व्हिडिओवरचे तास आणि अर्ज भरणं एवढंच असेल तर ८ जीबी मेमरी आणि एसएसडी असलेलं साधं यंत्र पुरतं. नकाशे, ॲनिमेशन किंवा मोठे प्रोग्रॅम असतील तर १६ जीबीचा विचार करावा. मेमरी पुढे वाढवता येते का, हे पैसे देण्यापूर्वीच विचारावं. दुसरं, ते कुठे वापरणार? वीज जात असेल तर बॅटरी महत्त्वाची आणि रोज एसटीने न्यायचं असेल तर वजन. तिसरं, बिघडलं तर दुरुस्ती मंचर-नारायणगावला होईल की दर वेळी पुण्याची खेप पडेल? चौथं, जुनं घेताय का? त्यात लाज नाही. पण विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे, तेव्हा विंडोज ११ त्यावर रीतसर चालतं का, ते बघून घ्यावं. नाहीतर लिनक्स फुकट मिळतं, पण अभ्यासाचे प्रोग्रॅम त्यावर चालतात का, ते आधी पाहावं. आणि शेवटचं, हप्ता ठरवताना भाव पडलेल्या वर्षाचा हिशेब करावा, चढलेल्या वर्षाचा नव्हे.

संत थॉमस अक्वायनस सुज्ञतेच्या तीन पायऱ्या सांगतात: आधी विचारविनिमय, मग निर्णय, मग कृती. आम्ही पहिली पायरी गाळून दुसरीवर उडी मारली. विचारविनिमय म्हणजे शहाण्यांशी बोलणं, एवढंच आम्ही समजत होतो. पण ज्याला काम करायचं आहे, त्याला विचारणं हाच त्याचा आरंभ आहे. घरातली मोठी माणसं, शिक्षक आणि आम्ही धर्मगुरूसुद्धा, दुसऱ्याची गरज त्याला न विचारताच ठरवून टाकतो. गरिबाची गरज तर फारच लवकर ठरवतो.

समितीच्या संमतीने आम्ही मागच्या वर्षी दोन्ही लॅपटॉपची अदलाबदल केली. कचेरीचा तिच्याकडे गेला. हे पत्रक तिच्या ४ जीबीच्या यंत्रावर टाईप होत आहे आणि त्याला तो पुरून उरतो. तिची दोन सत्रं मात्र आम्हाला परत देता आली नाहीत.

ह्या वर्षी निकालानंतर जे येतील, त्यांनी मुलाला किंवा मुलीला बरोबर आणावं. आधी तिचं ऐकू, पैशांचं मग बोलू.

आपला,
धर्मगुरू