वास्तू आणि वहिवाट

सदनिकांच्या जाहिरातींत हल्ली ‘आपल्या व्यक्तिमत्त्वाचा आविष्कार करणारे घर’ देण्याचे वचन सर्रास आढळते, आणि वचन देणाराच भिंतीच्या रंगापासून फडताळातील पुस्तकांच्या मांडणीपर्यंत सारे परस्पर ठरवून मालकाच्या हाती केवळ किल्ली ठेवतो. ज्याने स्वतः काहीच निवडले नाही, त्याचा हा आविष्कार कसला?

या वचनामागची प्रेरणा जुनी आहे. इंग्रज कलावंत विल्यम मॉरिसने यंत्रयुगाच्या कुरूपतेविरुद्ध हस्तकौशल्याची बाजू घेतली, हे सर्वश्रुतच आहे. त्याच प्रेरणेने बेल्जियन कलावंत हेन्री व्हान द वेल्दने १८९५ च्या सुमारास ब्रुसेल्सजवळ स्वतःचे घर उभारले आणि त्याच्या रेषांशी सुसंगत असे पत्नीचे पोशाखही स्वतःच आखले. कलावंताचा स्वतःच्या घरापुरता असलेला हा आग्रह परक्याच्या उंबरठ्याआत शिरला, तेव्हा मात्र त्याचे फर्मान झाले.

या फर्मानाविरुद्ध व्हिएन्नात उभा राहिला तो वास्तुकार आडोल्फ लोस. आणि त्याच्याविषयीच आपली सर्वांत मोठी गल्लत झाली आहे. अलंकरणाला गुन्हा ठरविणारा, कोऱ्या भिंतींचा कठोर पुरस्कर्ता एवढीच त्याची ओळख उरली. परंतु १९०० साली त्याने लिहिलेल्या कथेतील श्रीमंत गृहस्थ, वास्तुकाराने शयनगृहासाठी आखलेल्या सपाता दुसऱ्या खोलीत घातल्याबद्दल बोलणी खातो, आणि घरच्यांनी वाढदिवसाला दिलेल्या भेटवस्तूही ठेवून घेण्याची मुभा त्याला राहत नाही. अलंकरणावरील लोसच्या गाजलेल्या लेखात तथाकथित ‘रानटी’ समाजांविषयी असलेला तुच्छताभाव सर्वथा असमर्थनीय आहे; तथापि त्याच लेखात, जोड्यांवर नक्षी काढण्यात चांभाराला लाभणारा आनंद आपण हिरावून घेणार नाही, असेही तो निक्षून सांगतो. प्रागमध्ये म्युलर कुटुंबासाठी त्याने बांधलेले, १९३० मध्ये पूर्ण झालेले घर बाहेरून पांढरे आणि अबोल आहे, तर आतील दिवाणखान्यात हिरवट शिरांच्या संगमरवराचे वैभव आहे. माझ्या मते त्याचा खरा रोख नक्षीवर नसून, राहणाऱ्याच्या वतीने परस्पर बोलण्याच्या अधिकारावर होता.

चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन रचनाकार दांपत्याने १९४९ मध्ये लॉस एंजेलिस येथे बांधलेले घर, लोसच्या या विचाराचाच पुढचा दाखला वाटतो. लोखंडी सांगाडा आणि खिडक्या कारखान्याच्या यादीतून निवडलेल्या, कोणालाही विकत मिळतील अशा. आत मात्र खेळणी, शिंपले, लोककलेच्या वस्तू आणि छताला टांगलेले एक वाळके रानझुडूप. ते घर त्यांचे झाले ते नकाशाने नव्हे, अनेक वर्षांच्या वहिवाटीने.

सर्जनशीलता केवळ कलावंतांच्याच वाट्याला येते असे नाही. घरात कोणती वस्तू राहावी आणि ती कोठे राहावी, हे प्रेमाने ठरविणाऱ्या प्रत्येकाची ती आहे. म्हणून वाचकांना माझी कळकळीची विनंती आहे की, सजावटकाराकडून प्रकाश, हवा आणि साठवणीची सोय अवश्य मागावी; भिंती मात्र काही वर्षे रिकाम्या राहू द्याव्यात, आणि त्या भरण्याचा हक्क कोणाच्याही हवाली करू नये.