व्हर्निअरची साक्ष काढू नकोस

"साइज बरोबर आहे सर." सकाळपासून तिसऱ्यांदा ऐकतोय. व्हर्निअर खाली ठेव. आणि आधी तो चक-कीच्या दांड्यात घातलेला पाइप काढ. कुणी शिकवलं हे? मी तर नाही.

बघ ही रिंग. ॲल्युमिनियमची, बोअर ७४, भिंत जेमतेम ३ मिलिमीटर. बाहेरून बोट फिरव. जॉचे तीन वळ लागले हाताला? वळाच्या अगदी शेजारी बॉल मायक्रोमीटर लाव. किती? २.९६. दोन वळांच्या मधोमध? ३.०४. तिन्हीकडे तेच. आता बोल.

आवळलीस तेव्हाच ती गोल राहिली नव्हती. जॉखाली आत गेली, मधे फुगली. त्या वाकड्या रिंगेत तू गोल बोअर मारलास, मान्य आहे; चकमध्येच डायल लावला असतास तर काटाही हलला नसता. जॉ सोडले, रिंग मूळ आकाराला परतली आणि बोअर बिघडला. घरी कुकरची रिंग तीन बोटांत दाबून बघितली असतीस तरी कळलं असतं.

आणि ज्या व्हर्निअरच्या जिवावर माझ्याशी वाद घालतोस, त्याला हे दिसायचंच नाही! तीन फुगवट्यांच्या बोअरमध्ये प्रत्येक फुगवट्याच्या बरोबर समोर दबलेली बाजू येते. इकडे वाढलं तेवढं तिकडे घटलं, बेरीज ७४ ची ७४. तीन टेकूंचा बोअर मायक्रोमीटर कपाटात आहे. वर्षभरात त्याची पेटी एकदा तरी उघडलीस?

भिंत निम्मी केली की ताठपणा आठव्या हिश्शावर येतो. तेवढ्याच दाबाला ॲल्युमिनियम पोलादाच्या तिप्पट लवतं. तुझ्याच वहीत, तुझ्याच सुवाच्य अक्षरात आहे हे. आवळताना मात्र भरीव गज आवळल्यासारखा लोंबकळतोस.

"सैल धरली तर उडेल" म्हणे. मग कट कमी घे ना! रफ झालं की चक ढिला कर, रिंग मोकळी होऊ दे, फिनिशपुरती हलकी धर. त्याहून बरं म्हणजे सॉफ्ट जॉ रिंगेच्या बाहेरच्या मापाला बोअर करून घे. दाब तीन ठिकाणी न बोचता घेरभर पसरतो. अर्ध्या तासाचं काम. त्याचाच कंटाळा ना?

उरलेल्या अकरा रिंगा इकडे आण. प्रत्येकीची जाडी सहा जागी मापून वहीत लिही. सॉफ्ट जॉ खालच्या खणात आहेत. डबा नंतर उघड.