वाळवंटातील नगर आणि पाहुण्याचे मत

परक्या नगरीविषयी मत बनवण्यास माणसाला किती वेळ लागतो? बहुधा वेशीपासून मुक्कामापर्यंत पोहोचण्यास लागतो तेवढाच. पुढचे दिवस आपण त्या मताला पुरावे गोळा करण्यात घालवतो. अशा घाईच्या मताचे नैतिक मोल ते काय, हा प्रश्न अमेरिकेतील फिनिक्स या शहराने आमच्यापुढे उभा केला.

शिकागोहून मोटारीने निघून मिझुरी, ओक्लाहोमा, टेक्सासचे उत्तर टोक आणि न्यू मेक्सिको ओलांडीत आम्ही ॲरिझोनात उतरलो. मक्याची शेते मागे पडली, मग गवताळ माळ लागले, मग तांबडे खडक. सुमारे २१०० मीटर उंचीवरील फ्लॅगस्टाफच्या पाइन वनातून रस्ता उतरणीला लागला आणि काही तासांतच, हात वर करून उभ्या असलेल्या सग्वारो निवडुंगांच्या प्रदेशात आम्ही शिरलो. शहरात हिरवळ होती, पोहण्याचे तलाव होते, गारठवणारी दुकाने होती. शिणलेल्या प्रवाशाला प्रथम कृतज्ञताच वाटते. लगेच तिच्यामागून निषेध येतो. जेथे वर्षाकाठी जेमतेम १८ सेंटिमीटर पाऊस पडतो, तेथे लक्षावधींनी संसार थाटावा, हा उद्दामपणा नव्हे काय?

हा निषेध सोपा आहे, पण इतिहासापुढे टिकत नाही. होहोकाम लोकांनी याच खोऱ्यात शेकडो मैलांचे कालवे खोदून कित्येक शतके शेती केली. पंधराव्या शतकाच्या सुमारास ते कालवे ओस पडले. एकोणिसाव्या शतकात नव्या वसाहतवाल्यांनी त्यांच्याच वाटांनी पुन्हा पाणी खेळवले, आणि जुन्या अवशेषांवर उभ्या राहिलेल्या गावाला राखेतून उठणाऱ्या पक्ष्याचे नाव दिले. तेव्हा वाळवंटात वस्ती करणे हे पाप म्हणता येत नाही. तिचा भार कोणावर पडतो, हा खरा प्रश्न आहे.

जवळच हीला नदीकाठी राहणाऱ्या आदिवासींचे स्वतःच्या भाषेतील नावच 'नदीकाठचे लोक' असे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वरच्या अंगाला नदीचे पाणी वळवले गेले आणि या कुशल शेतकऱ्यांच्या वाट्याला उपासमार आली. त्यांच्या पाण्याच्या हक्काचा निवाडा करणारा कायदा झाला तो २००४ साली. कोलोरॅडो नदीचे पाणी पाचशेहून अधिक किलोमीटर लांबीच्या कालव्याने, चढावर उपसून, या प्रदेशात आणले जाते. त्या नदीवर इतक्यांचा हक्क आहे की ती स्वतः क्वचितच समुद्राला मिळते.

उन्हाचा भारही सर्वांवर सारखा नसतो. २०२३ च्या उन्हाळ्यात फिनिक्सचे तापमान सलग ३१ दिवस ४३ अंशांच्या वर चढत राहिले. त्या वर्षी या परगण्यात उष्म्याने ६४५ माणसे दगावली; त्यांत बेघरांचा वाटा फार मोठा होता. बंद काचेआडच्या गारव्यातून शहर पाहणाऱ्याला ही माणसे दिसत नाहीत. पहिल्या दर्शनाची मर्यादा हीच, की आपण जेथे बसलो असतो तेथूनच ते होते.

मग प्रवाशाने मत देऊच नये काय? तसे नव्हे. मौन हीही कधी कधी पळवाटच असते. मत द्यावे, परंतु ज्या शहराचे पाणी आपण प्यालो, त्या पाण्याची वाट आधी विचारावी. हा प्रश्न सोबत घरीही आणावा. मुंबईची तहान भागवणारी मोठी धरणे ज्या शहापूर तालुक्याच्या परिसरात आहेत, तेथील पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, हे आपणांस ठाऊक आहे. वाळवंटात हा हिशेब उघडा दिसतो आणि पावसाच्या प्रदेशात तो झाकला जातो, एवढाच काय तो फरक. आपल्या पेल्यातील पाण्यासाठी कोण तहानेला राहिला, हे विचारल्यावाचून पाहुण्याची कृतज्ञता पुरी होत नाही आणि त्याच्या निषेधालाही अधिकार येत नाही.