गुडघ्यापाशी थोडा वेळ

खुर्चीत बसा. पाठ टेकवा. दोन्ही पावलं जमिनीवर पुरती टेकू द्या. दुखऱ्या गुडघ्यावर तळहात ठेवा. दाबू नका, नुसता ठेवा. चार-सहा श्वास आपसूक येऊ-जाऊ द्या. आज तेल चोळायचं नाही, पट्टा बांधायचा नाही, त्याच्यावर चिडायचंही नाही. सायकल राहू दे भिंतीला टेकलेली. पुढची पंधरा-वीस मिनिटं या गुडघ्याचा फक्त विचार करायचा आहे.

मनात आधी जे येईल ते येऊ द्या. 'गुडघा गेला.' 'झीज झाली असणार.' 'या वयात कशाला हवं होतं?' घरातलं कुणीतरी 'मी सांगत होते ना' म्हणालेलं असतं, तेही आठवेल. प्रत्येक वाक्य नीट ऐका आणि बाजूला ठेवा. ही सगळी दुखण्याविषयीची मतं झाली. खुद्द दुखणं आपण अजून पाहिलेलंच नाही.

आता पाय समोर सरळ पसरा, टाच जमिनीवर टेकवा आणि मांडी अगदी सैल सोडा. दोन बोटांनी गुडघ्याची वाटी धरून हलकेच डावीउजवीकडे सरकवून पाहा. ती हलते. आता पाय हळूहळू दुमडा. वाटी मांडीच्या हाडावरच्या खोबणीत बसत जाते आणि हलेनाशी होते. ही वाटी म्हणजे मांडीच्या पुढच्या स्नायूच्या कंडरेतच वाढलेलं हाड. तीच कंडरा वाटीखालून पुढे जाऊन नडगीच्या उंचवट्याला चिकटते. विहिरीवरची कप्पी आठवा. दोर कप्पीवरून वळतो म्हणून ओढणाऱ्याचे कष्ट वाचतात, पण दोराचा सगळा ताण कप्पीच्या आसावर येतो. मांडीनं ओढ घेतली, की वाटी तशीच खोबणीवर दाबली जाते. गुडघा जितका जास्त दुमडलेला आणि ओढ जितकी मोठी, तितका हा दाब जास्त. पुढचं बरंचसं या एका गोष्टीवरून समजेल, तेव्हा इथे क्षणभर थांबा. पाय आणखी एकदा दुमडा, सरळ करा.

वाटीच्या मागच्या बाजूला कूर्चेचा गुळगुळीत थर असतो. शरीरातल्या सर्वांत जाड कूर्चांमध्ये तो मोडतो. या थरात रक्तवाहिन्या नाहीत, मज्जातंतूही नाहीत. सांध्यातल्या द्रवातून त्याला पोषण मिळतं आणि दाब पडला, सुटला, पुन्हा पडला, की तो द्रव आतबाहेर फिरतो. थोडक्यात, हालचालीवरच कूर्चा जगते. दुखतंय म्हणून सहा आठवडे पाय उशीवर ठेवून बसलं, तर मांडी बारीक होते आणि कूर्चेलाही काही मिळत नाही. कूर्चेला स्वतःला वेदना कळत नाहीत, त्यामुळे दुखतं ते बहुधा आजूबाजूला: कंडरा, वाटीखालची चरबी, सांध्याचं अस्तर, कूर्चेखालचं हाड. पाय वाकवताना नुसतं कटकट वाजत असेल, दुखत नसेल आणि सूजही नसेल, तर त्या आवाजाची चिंता करू नका.

आता एकच बोट घ्या आणि दुखतं कुठे ते दाखवा. घाई नको.

बोट वाटीवर, वाटीमागे किंवा वाटीच्या लगेच खाली गेलं, तर सायकलस्वारांचं सर्वांत नेहमीचं दुखणं तुमच्याकडे आलं आहे. सीट फार खाली किंवा फार पुढे असली, की पॅडल वर येताना गुडघा गरजेपेक्षा जास्त दुमडतो. त्यात जड गिअर असेल, तर वाटीवरचा दाब दोन्हीकडून वाढतो. बोट गुडघ्याच्या मागे, लवणीत गेलं, तर उलट शंका घ्या: सीट फार उंच आहे आणि प्रत्येक फेरीत पाय ताणला जातो आहे. बाहेरच्या बाजूला दुखत असेल, तर खुब्यापासून नडगीपर्यंत बाहेरून येणारा जाड पट्टा मांडीच्या हाडाच्या उंचवट्यावर कुरकुरतो आहे. तिथेही उंच सीट कारण असते, किंवा पाऊल आत वळवून बसवलेली क्लीट, म्हणजे बूट पॅडलला अडकवणारी तळाची पट्टी. आतल्या बाजूला दुखत असेल, तर क्लीटचा कोन आणि दोन पावलांमधलं अंतर पाहायचं. हे सगळे ठोकताळे आहेत, निदान नव्हे. पण 'गुडघा दुखतो' म्हणण्याऐवजी 'वाटीच्या खाली, चढावर, चाळीस मिनिटांनंतर दुखतं' असं सांगता आलं, तर तुमचं आणि डॉक्टरांचं निम्मं काम झालं.

या टप्प्यावर प्रामाणिकपणे एक उजळणी करा. गुडघा टपोरा सुजला आहे का? लाल होऊन गरम लागतो का, सोबत ताप आहे का? वाकवताना मध्येच अडकतो का? चालताना अचानक दगा देतो का? पडल्यानंतर पायावर भार घेता येत नाही का? काहीही न करता रात्री ठणकतो का? पोटरी सुजून दुखते आहे का? यातल्या एकाचंही उत्तर 'हो' असेल, तर मनन इथेच थांबवा आणि आधी डॉक्टरांना दाखवा.

उत्तरं 'नाही' असतील, तर मोजणीकडे या. सायकलवर, विशेषतः सपाट रस्त्यावर, एका फेरीत गुडघ्यावर येणारा भार चालताना येणाऱ्या भारापेक्षा कमीच असतो. म्हणून तर ऑपरेशननंतरही फिजिओथेरपिस्ट स्थिर सायकल चालवायला सांगतात. अडचण येते ती फेऱ्यांच्या संख्येची. मिनिटाला 80 फेऱ्या धरल्या, तर दोन तासांत प्रत्येक गुडघा 9,600 वेळा वाकतो आणि सरळ होतो. 200 किलोमीटरच्या बीआरएमला, म्हणजे ठरावीक वेळेत पुरी करायच्या लांब पल्ल्याच्या राइडला, साडेतेरा तास मिळतात. त्यातले दहा तास 75च्या लयीत पॅडल मारलं, तर फेऱ्या होतात 45,000. सीट काही मिलिमीटर चुकलेली असेल, तर ती चूक 45,000 वेळा घडते. पायात काटा नाही, मार नाही, पडलो नाही, आणि तरी दुखतं कसं, याचं उत्तर या आकड्यात आहे.

आता गेले दोन महिने आठवा. पावसाळ्यात सायकल टांगलेली होती का? खंडेनवमीला पुसून, हार घालून पूजा झाली आणि पुढच्याच रविवारी मित्रांबरोबर थेट बोपदेव घाट? की वर्षभर पाच-दहा किलोमीटर आणि मग आषाढीच्या आधी एकदम पंढरपूरची सायकलवारी? हौस खोटी नव्हती. दमही कमी पडला नसेल, कारण हृदय आणि स्नायू काही आठवड्यांत तयार होतात. कंडरा मात्र सावकाश घट्ट होते, तिला महिने लागतात. दम आहे, मांडीत जोर आहे आणि कंडरा मागे राहिली आहे, असा एक काळ प्रत्येक उत्साही सायकलस्वाराच्या वाट्याला येतो. बहुतेक गुडघे त्याच काळात दुखू लागतात.

दुखलेला गुडघा ही कमकुवत माणसाची खूण आहे, असं कुठेतरी वाटत असेल, तर बर्नार्ड इनो आठवा. 1978 आणि 1979 अशी दोन वर्षं टूर द फ्रान्स जिंकलेला हा फ्रेंच सायकलपटू 1980 सालीही पिवळ्या जर्सीत, म्हणजे सर्वांच्या पुढे होता. पाऊस आणि दगडी फरशांचे रस्ते तुडवून झाले होते, गुडघ्याची कंडरा सुजली होती. पिरेनीज पर्वताच्या पायथ्याशी पो या गावी, पुढचे घाट समोर असताना, त्यानं रात्रीत शर्यत सोडली. दुसऱ्या दिवशी आघाडी आयती मिळालेल्या योप झुटेमेल्कनं ती जर्सी अंगात घातली नाही. पुढे झुटेमेल्कच ती टूर जिंकला. ऑगस्टच्या अखेरीस सालांश इथे जागतिक अजिंक्यपदाची शर्यत झाली. दोमान्सीचा खडा चढ पुन्हा पुन्हा चढायचा होता. ती इनोनं जिंकली. 1983 साली गुडघ्यानं त्याला पुन्हा थांबवलं, शस्त्रक्रिया झाली, त्या वर्षीची टूर हुकली. 1985 साली त्यानं पाचवी टूर जिंकली. तुमच्यामाझ्या अंगावर पिवळी जर्सी नाही. रविवारची एक राइड सोडणं आपल्याला त्याच्याइतकं महाग नक्कीच पडणार नाही.

पुन्हा तळहाताकडे या. गुडघा आता थोडा उबदार लागत असेल. श्वास सोडताना मांडीही सोडा.

आता सायकल मनात उभी करा. भिंतीला धरून सीटवर बसा, टाच पॅडलवर ठेवा आणि पॅडल अगदी खाली न्या. पाय जेमतेम सरळ झाला पाहिजे, कंबर एका बाजूला कलंडता कामा नये. मग पावलाचा पुढचा भाग पॅडलवर ठेवलात, की गुडघ्यात हलका बाक उरतो. हा बाक साधारण 25 ते 35 अंशांचा असावा, असा फिटिंग करणाऱ्यांचा संकेत आहे. सीट हलवण्याआधी सीटपोस्टला चिकटपट्टीची खूण करा. एका वेळी एकच बदल, तोही तीन ते पाच मिलिमीटरचा, आणि दोन-तीन छोट्या राइड होईपर्यंत दुसऱ्या कशालाही हात लावू नका. सीट, क्लीट आणि हँडल एकाच संध्याकाळी बदललं, तर गुण कशानं आला ते कधीच कळणार नाही. मित्राचं माप उसनं घेऊ नका, त्याच्या मांडीचं हाड तुमच्याइतकं लांब नाही.

मग गिअर. तोच वेग, तेवढीच ताकद 90च्या लयीत लावण्याऐवजी 60च्या लयीत लावली, तर प्रत्येक फेरीत पॅडलवर दीडपट जोर द्यावा लागतो. चढावर मोठ्या रिंगवर उभं राहून रेटण्यात रुबाब आहे, पण बिल गुडघ्याच्या नावावर फाटतं. चढ सुरू होण्याआधीच गिअर हलका करा. लोक पुढे जातील. जाऊ द्या.

विश्रांती किती? ज्यानं दुखतं ते कमी करायचं, सगळंच थांबवायचं नाही. काही दिवस घाट बंद, जड गिअर बंद, लांब राइड बंद. सपाट रस्त्यावर वीस-तीस मिनिटं हलक्या गिअरवर फिरता येत असेल, तर फिरा. शून्य म्हणजे काहीच नाही आणि दहा म्हणजे असह्य, अशी पट्टी मनाशी धरा. चालवताना दोन-तीनपर्यंत दुखलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कालच्याइतकं किंवा कमी असलं, तर भार योग्य आहे. सकाळी जिना उतरताना जास्त दुखलं, तर तो जास्त झाला. मापन करायला घरचा जिना पुरेसा आहे. गोळी घेऊन राइडला जाऊ नका, कारण मग हे मापनच बंद पडतं.

नुसत्या विश्रांतीनं दुखणं शांत होतं, पण गुडघ्याची ताकद वाढत नाही. महिनाभर थांबून पुन्हा तीच सायकल, तोच घाट, तोच गिअर घेतला, तर दुखणंही तेच परत येतं. म्हणून ताकद वाढवायला हवी, आणि ती फक्त मांडीची नव्हे. खुब्याचे स्नायू दुबळे असले, की पॅडल दाबताना गुडघा आत झुकतो. भिंतीला पाठ लावून अर्धवट बसायचं, तीस सेकंद, चार-पाच वेळा. पाठीवर झोपून गुडघे दुमडून कंबर उचलायची. कुशीवर झोपून वरचा पाय सरळ उचलायचा. मग सावकाश पायरी चढ-उतार, आणि नंतर वजन घेऊन उठाबशा. आठवड्यातून दोन-तीन दिवस, निदान सहा ते बारा आठवडे. पहिल्या पंधरवड्यात फरक जाणवला नाही म्हणून सोडू नका. कुठून सुरू करायचं ते फिजिओथेरपिस्टकडून एकदा शिकून घ्या.

एमआरआयचा कागद हाती आला असेल आणि त्यात 'झीज' असा शब्द असेल, तर तोही शांतपणे वाचा. अजिबात दुखत नसलेल्या पुष्कळ गुडघ्यांचे फोटो काढले, तरी असे बदल दिसतात. फोटो तुमच्या तक्रारीशी जुळतो का, हे तपासणाऱ्या डॉक्टरांनी ठरवायचं असतं, फोटोनं नव्हे.

परत येताना आधी वेळ वाढवा, मग अंतर, मग चढ, आणि शेवटी वेग. आठवड्याला सुमारे दहा टक्के वाढ हा जुना ठोकताळा आहे. तो काही शास्त्रवचन नाही, पण उतावळ्या माणसाला आवर घालायला बरा. एका आठवड्यात दोन गोष्टी एकदम वाढवू नका. मध्ये एखादा वाईट दिवस येईल. तेव्हा पहिल्या पायरीवर जायची गरज नाही, एक पायरी खाली या आणि तिथून पुन्हा चढा.

शेवटी पाय सावकाश सरळ करा, दुमडा, पुन्हा सरळ करा. सायकलस्वाराचा गुडघा बहुतेक वेळा मोडलेला नसतो. त्याच्यावर त्याच्या तयारीपेक्षा जास्त भार आलेला असतो. भार कमी करणं आजच आपल्या हातात आहे, तयारी वाढवणं पुढच्या तीन महिन्यांत. उठा, सीटपोस्टला चिकटपट्टीची खूण करा आणि भिंतीला पाठ लावून पहिले तीस सेकंद आजच बसा.