ओढणारा आणि बसणारा

साठी उलटली की माणसाला दोन प्रकारचे झटके येतात. एक हृदयाचा आणि दुसरा तारुण्याचा. पहिल्यावर औषध आहे.

आम्हां चौघांना हा दुसरा झटका एकाच संध्याकाळी, एकाच बाकावर आला. आम्ही चौघे म्हणजे नीतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेले प्राध्यापक, कर्जे नाकारून निवृत्त झालेले बँकवाले, निवृत्त व्हायला मुळीच तयार नसलेले डॉक्टर आणि मी. पर्वती चढायची म्हणून आम्ही रोज जमतो आणि पायथ्याच्या बाकावर बसून गप्पा मारून परत जातो. अशा माणसांनी बर्फात जाऊन स्कीइंग करायचं ठरवलं यात आश्चर्य वाटायला नको. ज्याला चढणं जमत नाही त्याला घसरण्याचं आकर्षण असतंच.

"अहो, गेल्या वर्षी मोरीत घसरलात तर तीन आठवडे अंथरुणात होतात," आमच्या हिने आठवण करून दिली. पण मोरीत घसरणं हा अपघात आणि काश्मिरात जाऊन पैसे देऊन घसरणं हा खेळ, हा फरक बायकांना समजावून सांगणं कठीण. शेवटी तिने बॅगेत मेतकूट, डिंकाचे लाडू, माकडटोपी आणि गुडघ्याला चोळायचं तेल भरलं आणि आम्ही २०२४ सालच्या फेब्रुवारीत गुलमर्गला निघालो.

श्रीनगरपासून गुलमर्ग सुमारे पन्नास किलोमीटर. वाटेत टंगमर्ग लागतं. तिथे गमबूट आणि जाडजूड कोट भाड्याने मिळतात. माझ्या कोटाचा पूर्वेतिहास नुसत्या वासावरून लिहिता आला असता. प्राध्यापकांनी तिथे अर्धा तास घासाघीस करून माणशी पन्नास रुपये वाचवले. दुकानदार शेवटी म्हणाला, "ठीक है जनाब, आप बुज़ुर्ग हैं." याचा आम्हांला आनंद झाला की दुःख, ते अजून ठरलेलं नाही. पुढे बर्फ असल्यामुळे गाडीच्या चाकांना साखळ्या बांधल्या आणि आम्ही साडेआठ हजार फुटांहून अधिक उंचीवर जाऊन पोहोचलो. सगळीकडे पांढरंशुभ्र. देवदारांवर बर्फ, छपरांवर बर्फ आणि थोड्याच वेळात बँकवाल्यांच्या मिशांवरही बर्फ.

गाडी थांबली मात्र, पंधरावीस माणसांनी आम्हांला वेढा घातला. अंगात फिरन, पायात गमबूट आणि प्रत्येकाच्या हातात एक दोरी. दोरीच्या दुसऱ्या टोकाला लाकडी स्लेज. म्हणजे खाली दोन पट्ट्या ठोकलेला एक पाटच. आपल्याकडे पाटावर बसून जेवतात, तिथे पाटावर बसून फिरतात. "बैठिए जनाब, हॉटेल तक छोड़ देंगे."

मी बसायला वाकलो होतो. तेवढ्यात प्राध्यापक कडाडले, "थांब! माणसाने ओढायचं आणि माणसाने बसायचं? लाज नाही वाटत?"

खरं सांगायचं तर तोपर्यंत वाटली नव्हती. पण कुणी असं विचारलं की लाज वाटते. प्राध्यापकांचं हे जुनं तत्त्व. माथेरानला मोटारींना बंदी, त्यामुळे तिथे वर्षानुवर्षं माणसांनी ओढायच्या रिक्षा होत्या. प्राध्यापक लग्न झाल्या झाल्या माथेरानला गेले, तेव्हा स्टेशनापासून हॉटेलापर्यंत तांबड्या मातीतून सहकुटुंब चालत गेले होते. वहिनींच्या नव्या चपलेचा अंगठा तुटला, पण तत्त्व तुटलं नाही. वहिनी त्या मधुचंद्राची गोष्ट अजून सांगतात. प्राध्यापक सांगत नाहीत.

तेव्हा आम्ही चौघेही चालायला लागलो. सदसद्विवेकबुद्धी ही वस्तू सपाट जमिनीवर वापरायला सोपी असते. बर्फात तिला गुडघाभर पाय लागतात. शंभर पावलांत बँकवाले बसले; म्हणजे पडले, पण बसलो असं म्हणाले. मी मागे वळून पाहिलं, तर बाकीचे पांगले होते आणि एक वयस्क गृहस्थ रिकामी स्लेज ओढत शांतपणे आमच्या मागून येत होते. पिकलेली दाढी, वय आमच्याच आसपास.

"चाचा, हम नहीं बैठेंगे," प्राध्यापक म्हणाले.

"कोई बात नहीं. जब गिरेंगे तब बैठिए."

असे ते किलोमीटरभर आमच्या मागून आले. आम्ही त्यांच्यावर अन्याय होऊ नये म्हणून चालत होतो आणि ते आम्ही पडावं म्हणून चालत होते. दोघांचेही हेतू प्रामाणिक होते.

दुसऱ्या दिवशी शिकवणी सुरू झाली. वर आफरवटच्या डोंगरावर जवळजवळ तेरा हजार फुटांपर्यंत रोपवे जातो आणि तिथून पट्टीचे स्कीवाले खाली झेपावतात. आम्हांला मात्र पायथ्याचा, लहान मुलांचा उतार मिळाला. मास्तर पंचविशीतला पोरगा. पहिला पाठ: पडायचं कसं. हा आम्ही शिकवण्याआधीच पाठ केला होता. दुसरा पाठ: उठायचं कसं. यात अर्धा दिवस गेला. तिसरा पाठ म्हणजे थांबायचं कसं. दोन्ही स्कींची टोकं पुढे जवळ आणायची, टाचा बाहेर ढकलायच्या, म्हणजे नांगराच्या फाळासारखा आकार होतो आणि वेग मोडतो. माझ्या स्कींची टोकं जवळ येऊन एकमेकांवर चढली. वेग मोडला. माझंही काहीतरी मोडलं असावं असा आवाज आला, पण तो खिशातल्या डिंकाच्या लाडवाचा होता.

"शेरलॉक होम्स लिहिणारा कॉनन डॉइल १८९४ साली दावोसहून आरोसाला स्कीवरून डोंगर ओलांडून गेला होता," डॉक्टर मला उठवता उठवता म्हणाले. "वाटेत बसून घसरावं लागलं, तर त्याच्या विजारीचा पार भुगा झाला. आणि तो डॉक्टर होता." डॉइल डॉक्टर होता यात माझ्या विजारीला काय दिलासा, ते मला कळलं नाही.

मास्तरांचा एकच धोशा चालला होता, "आगे झुकिए, नीचे की तरफ़." उतारावर भीती वाटली की आपण आपोआप मागे रेलतो आणि मागे रेललं की स्की ताब्यात राहत नाही. जिकडे पडायची भीती, तिकडेच वाकायचं, तरच तोल सावरतो. हे ऐकून प्राध्यापक खूश झाले. "हे तर नीतिशास्त्र आहे!" असं म्हणत ते दरीकडे वाकले. अंमळ जास्तच वाकले.

घोट्याची हाडं शाबूत होती, पण घोटा मुरगळून टम्म फुगला होता. डॉक्टरांनी क्रेप बॅंडेज बांधलं आणि फर्मावलं, "आता पाय टेकायचा नाही."

आम्ही सगळे गप्प. उताराच्या कडेला चाचा फिरनाच्या आत कांगडी धरून शेकत बसले होते. निखाऱ्यांची ती वेताची शेगडी त्यांनी खाली ठेवली, उठले आणि स्लेज पुढे आणून तिच्यावरचा बर्फ हाताने झाडला. "बैठिए जनाब" असंही म्हणाले नाहीत. प्राध्यापक बसले. इतक्या दुःखी चेहऱ्याने बसलेला प्रवासी त्या स्लेजने पाहिला नसावा.

मी बाजूने चालत होतो. चढ आला तसे चाचा कमरेत वाकले. तोंडातून वाफा येत होत्या. उजव्या गमबुटाला सायकलच्या ट्यूबचं ठिगळ होतं. प्राध्यापकांनी डोळे मिटून घेतले. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "इस साल काम कैसा है?"

ते थांबले, दोरी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. यंदा चिल्लई कलान, म्हणजे डिसेंबरअखेरपासूनचे कडाक्याच्या थंडीचे चाळीस दिवस, जवळजवळ कोरडेच गेले, असं ते सांगू लागले. जानेवारी संपत आला तरी गुलमर्गात बर्फ नाही, नुसतं वाळलेलं गवत. पर्यटक आले, फोटो न काढता परत गेले. नंतर शेवटी एकदाचा बर्फ पडला. मग किंचित हसून म्हणाले, "पूरी जनवरी, जनाब, सब लोग पैदल चले."

प्राध्यापकांनी डोळे उघडले. पहिल्यांदाच त्यांच्यापाशी उत्तर नव्हतं. त्यांच्या हिशोबाने तो आदर्श महिना होता. गुलमर्गात कुणीही माणसाने माणसाला ओढलं नव्हतं. आणि चाचांच्या घरी त्या महिन्यात काय शिजलं असेल, हे विचारायची आमची हिंमत झाली नाही.

हॉटेलाच्या दाराशी प्राध्यापकांनी ठरल्याच्या दुप्पट पैसे काढले आणि म्हणाले, "उद्यापासून रोज या. पैसे पूर्ण देईन, पण बसणार नाही." चाचांनी ठरलेले पैसे मोजून घेतले आणि बाकीचे परत केले. "ख़ैरात नहीं चाहिए. बैठेंगे तो आऊँगा."

त्या रात्री बुखारीभोवती, म्हणजे तिथल्या लाकडाच्या शेगडीभोवती, आमची मोठी चर्चा झाली. बँकवाले म्हणाले, हा सरळ व्यवहार आहे. दोघांची संमती, वाजवी दर. डॉक्टर म्हणाले, ज्याच्यापुढे दुसरा धंदाच नाही त्याची संमती ती कसली? प्राध्यापक फुगलेला पाय उशीवर ठेवून बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मी माथेरानला रिक्षात बसलो नाही. ओढणाऱ्याने त्या दिवशी काय खाल्लं, तेही विचारलं नाही. मी माझी लाज वाचवली, त्याचं काहीच वाचवलं नाही. आणि टंगमर्गला मी कोटाचे पन्नास रुपये पाडले, तेव्हा मला लाज वाटली नाही. कारण तिथे दोरी दिसत नव्हती."

दोरी दिसत नव्हती. मी रात्रभर कूस बदलत होतो, काही थंडीने, काही या वाक्याने. आपल्याला दुसऱ्याच्या कष्टांची लाज वाटते, की ते कष्ट डोळ्यांसमोर चालल्याची? पाठ वाकलेली दिसली की आपण अवघडतो. तीच पाठ भिंतीपलीकडे वाकली तर आपण पेपर वाचतो.

प्राध्यापक उरलेले तीन दिवस स्लेजमधून हिंडले. एका उतरणीवर चाचा पुढ्यात बसून स्लेज सोडत, तेव्हा ते चक्क ओरडले. ते घाबरून, असं ते म्हणतात. मला तो आवाज आनंदाचा वाटला. निघताना दोघांनी एकमेकांना नातवंडांचे फोटो दाखवले. प्रश्न सुटला होता असं नाही. फक्त आता त्या प्रश्नाला चेहरा होता.

पुढे २०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने माथेरानच्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करा असा आदेश दिला, तेव्हा सकाळी सातला प्राध्यापकांचा फोन आला. मला वाटलं, विजयोत्सव असणार. तर म्हणाले, "अरे, पुढचं वाच. नुसतं बंद करा म्हटलेलं नाही. त्या ओढणाऱ्यांना ई-रिक्षा द्या, त्यांचं पुनर्वसन करा, असंही म्हटलंय. माझ्या तत्त्वात हे दुसरं वाक्य चाळीस वर्षं नव्हतं रे." असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. माझंही मत तेव्हापासून तेच झालं आहे. 'मी बसणार नाही' हे अर्धं वाक्य आहे. ते पुरं करायची तयारी नसेल, तर निदान छाती काढून चालू नये.

पण माझी स्वतःची गोष्ट सांगायची राहिली. गुलमर्गहून आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी मी खुर्चीत बसून चहा पीत होतो. मोरीतून भांड्यांचा आवाज येत होता. आमच्याकडे भांड्यांना येणाऱ्या बाई अठरा वर्षं येताहेत. अठरा वर्षं तो आवाज मला पेपर वाचण्याचं पार्श्वसंगीत वाटत आला होता. त्या दिवशी उठून गेलो. पुण्यातला फेब्रुवारी, सकाळचं टाकीचं पाणी. बाईंची बोटं लालबुंद झालेली. गीझर भिंतीपलीकडे, न्हाणीघरात. अंतर चार फूट.

प्लंबरला बोलावून मोरीत गरम पाण्याचा नळ घेतला. खर्च गुलमर्गच्या एका दिवसाच्या हॉटेलभाड्यापेक्षा कमी आला. आपण फार मोठं काहीतरी केलं अशा थाटात मी बाईंना तो नळ सोडून दाखवला. त्यांनी पाण्याखाली हात धरला, क्षणभर तसाच ठेवला. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या,

"बरं झालं, काका. आता गरम पाणी आलं म्हणून भांडी जास्त टाकू नका, म्हंजे झालं."